श्रावणातले कान

"तुम्ही नक्की काय करायच्या हो?" हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं की मी "प्रयोगशाळेत होते" एवढंच सांगून पुढची पुरी वाढून घ्यायचे. लोक समजायचे, बाई रक्त-लघवी तपासत असणार. खरं सांगितलं असतं तर समोरच्याची पुरी ताटातच राहिली असती, कारण माझं निम्मं आयुष्य डुकरांचे कान सोलण्यात गेलं आहे.

आता दिवाळी अंकाच्या संपादकांनीच कामाबद्दल मोकळेपणाने लिहा म्हटलंय, तर लिहिते. फराळाचं ताट तेवढं बाजूला ठेवून वाचा.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नागपुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत चिकटले, ती निवृत्त होईपर्यंत. आमच्या विभागाचं काम एकच होतं. क्रीम, मलम, सीरम, तेल, माणूस जे काही अंगाला फासतो ते कातडीतून आत जातं का, किती जातं आणि कुठवर जातं, हे मोजायचं. जाहिरातीत बाई गालावर बोट फिरवते आणि सोनेरी थेंब सरसर तिच्या कातडीत उतरतात. ते पाहिलं की मी टीव्हीशी भांडायचे. घरचे म्हणायचे, अगं, तिला ऐकू येत नाही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांवर कवेलू, म्हणजे कौलं, असतात ना, तशा त्या पेशी एकावर एक चढवलेल्या, आणि फटींमध्ये चरबीचा लेप. जाडी म्हणाल तर वहीच्या पानाहून कमी. पण हा पापुद्रा मोठा खमका. बाहेरचं आत घेत नाही आणि आतलं पाणी बाहेर सोडत नाही. तो आहे म्हणून आपण नागपूरच्या मे महिन्यात वाळून जात नाही.

आता अँटिऑक्सिडंट या शब्दाकडे येते, कारण माझी शेवटची काही वर्षं त्यानेच खाल्ली. कापलेलं सफरचंद काळं पडतं, डब्यातलं तेल खवट होतं. तसलीच झीज ऊन आणि धूर आपल्या कातडीत करत असतात. ती झीज स्वतःच्या अंगावर घेणारे जे पदार्थ, ते अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, हळदीतलं पिवळं द्रव्य, संत्र्याच्या सालीतली काही द्रव्यं. सगळी गुणी मंडळी. पण बाहेरून लावली की आधी त्या कवेलूंशी गाठ. क जीवनसत्त्व पाण्याचा दोस्त, ते चरबीपाशीच अडतं. चांगलं आंबट करून दिलं तर थोडंफार शिरतं, पण मग गालाची आग होते. ई जीवनसत्त्व तेलातलं, ते वरच्या चरबीत शिरतं आणि बरंचसं तिथेच मुक्काम ठोकतं. हळद तर बहुतेक वरच बसते, म्हणून नवरीचा पिवळेपणा सत्यनारायणापर्यंत उतरलेला असतो. रेणू लहान हवा, थोडा तेलाचा आणि थोडा पाण्याचा हवा, तरच ही वाट मोकळी. माणसांतसुद्धा असे दोन्ही घरचे पाहुणे कमीच सापडतात.

हे मोजायचं कसं? काचेचं एक छोटं उपकरण असतं, दोन कप्प्यांचं. खालच्या कप्प्यात मिठाचं पाणी, अंगाइतकं कोमट. मध्ये कातडीचा तुकडा ताणून बसवायचा आणि वरून सीरम लावायचं. मग ठरावीक वेळाने खालचं पाणी काढून यंत्रावर तपासायचं. त्यात जे सापडलं ते कातडी ओलांडून आलं. आणि माणसाच्या कातडीच्या सगळ्यात जवळची, सहज मिळणारी कातडी म्हणजे डुकराच्या कानाची. हे मी घरी सांगितलं त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी मला दारातच उभं केलं आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय आत येऊ दिलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. सक्करदऱ्याच्या एका बाईंनी सीरमची बाटली आणून माझ्या टेबलावर आपटली. "हे काय आहे? कोरा चहा विकून राहिले का तुम्ही?" आम्ही विकत नव्हतो, तपासत होतो, पण राग ऐकून घेणंही नोकरीतच मोडतं. सीरम क जीवनसत्त्वाचं होतं. भर उन्हाळ्यात कुठल्यातरी पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेलं, म्हणून तांबूस झालेलं. जो पदार्थ आपल्या कातडीची झीज अंगावर घ्यायचा, तो बाटलीतच झिजून गेला होता. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे मी तीन आठवडे मेलेलं औषध लावून राहिली." मी हो म्हटलं.

इतवारीतले एक व्यापारी घराण्याचं उटणं घेऊन आले. म्हणे, हाडापर्यंत जातं असं प्रमाणपत्र द्या. मी म्हटलं, "शेटजी, हाडापर्यंत गेलं तर ते उटणं नाही, विष आहे." ते तेव्हापासून मला पाहिलं की दुसऱ्या टेबलाकडे वळायचे.

वैशालीताई मात्र माझ्याच टेबलाकडे आल्या. काटोलच्या, संत्र्यांचा व्यापार करणाऱ्या घरातली सून. फार्मसी शिकलेल्या. घरी सालींचे ढीग पडतात, त्यांचा अर्क काढून त्यांनी सीरम तयार केलं होतं. बोलणं नेमकं, हातात नीट लेबल लावलेल्या बाटल्या. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, ईश्वरी. तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, वर गॉगल, हातमोजे. आमच्या नागपुरात उन्हाळ्यात स्कूटीवरच्या सगळ्याच पोरी अशा दरोडेखोर दिसतात, त्यामुळे मला काही वाटलं नाही. पण आत येऊन बसल्यावरही तिने स्कार्फ सोडला नाही.

"सोड वं, इथं ऊन नाही," आई म्हणाली, तेव्हा तिने हळूहळू सोडला. तिच्या अंगात जन्मतः रंगच नव्हता. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढुरकं. ट्यूबलाइटच्या उजेडातही डोळे मिचकावत होती. अशा मुलांच्या कातडीत उन्हाला अडवणारं रंगद्रव्य नसतं. थोड्या उन्हातही त्यांची कातडी भाजते, आणि वर्षानुवर्षं भाजत राहिली तर पुढे त्यातून कॅन्सर होण्याची भीती. झाकून राहणं हाच त्यांचा खरा उपाय.

"शाळेत मले भुरी म्हणते," ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे. मग टेबलावरच्या ट्रेकडे बोट करून, "आणि हे कोणाचे कान व्हय जी?"

मी सांगितलं. ती किंचाळली नाही. वाकून पाहिलं आणि म्हणाली, "याले पण रंग नाही." मला ती पोर त्या क्षणी आवडून गेली.

तिला काय हवं होतं, तेही तिनेच सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान मुलं आपापला लाकडी नंदीबैल सजवून ओढत वाजतगाजत निघतात. तिच्याकडे आजोबांनी करून घेतलेला सागवानी नंदी होता, पण तो दरवर्षी चुलतभाऊ ओढायचा आणि ती खिडकीतून बघायची. "स्कार्फ बांधून जाय म्हणते आई. पण मग कोणाले समजन, नंदी माह्या आहे म्हणून?"

मी वैशालीताईंना त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की अर्क आत गेला तरी तो छत्रीचं काम करणार नाही. स्कार्फ, पूर्ण बाह्या, सावली हे सुटायचं नाही. त्यांनी मान हलवली. पण आईची मान आणि आईचं मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळायला हवं होतं.

तपासणी श्रावणात लागली. पहिल्याच खेपेला अर्क कातडीतून असा काही खाली आला की मी यंत्र बिघडलं समजून दोनदा धुतलं. संत्र्याच्या सालीतलं ते द्रव्य पाण्यातही धड विरघळत नाही आणि तेलातही नाही. ते इतक्या सहज कसं आलं? मी आमच्या विभागाच्या साहेबांना म्हटलं, ताजे कान आणून पुन्हा लावते, सोबत एक निळा रंगही लावते. हा रंग चांगल्या कातडीतून कधीच जात नाही. तो खाली उतरला तर दोष कातडीत आहे असं समजायचं.

साहेब म्हणाले, "लावा ना." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी काटोलला फोन करून टाकला. अभिनंदन, तुमचं सीरम आत जातंय. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी चिडले, तर म्हणाले, "अहो, बाई फोनवर रडल्या आनंदाने. चांगली बातमी थांबवायची कशाला?"

मध्ये काही दिवस कान मिळाले नाहीत. मिळाले तसे मी लावले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडून पाहते तर खालच्या कप्प्यांतलं पाणी निळसर. एकात नाही, सगळ्यांत.

कान आणायचे ते हिरालालकडून. कामठी रोडला त्याचं दुकान. मितभाषी आणि वेळेचा पक्का. मी ऑटो करून तडक त्याच्याकडे गेले आणि विचारलं, कान वेगळे का लागतायत?

"वेगळे नाही मॅडम, साफ आहेत," तो खुशीत म्हणाला. "सावन चालू आहे ना. तुम्ही सावन पाळता, हे मले यंदाच समजलं. तुमच्यासारख्या बाईमाणसाले ह्या महिन्यात रक्त, केस हातात घ्या लागते, मले बरं नाही वाटे. म्हणून गरम पाण्यातून काढून, ब्लेडनं खरडून आणतो. महिनाभर कोणाले सांगितलं नाही मी."

मी तिथेच त्याच्या बाकावर बसले. गरम पाण्यात घातलं की वरचा पापुद्रा खालच्या कातडीपासून सुटतो. म्हणजे कवेलूच उडालेले, मग आत काहीही जाणार. कच्चे कान हवेत हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं त्याने ते पाळलंही होतं. पण कच्चे कशासाठी ते मी कधी समजावलं नव्हतं, आणि त्याने आपल्या मनाने माझं सोवळं सांभाळलं होतं. अशा माणसावर रागावणार कशी? "काही गडबड झाली का मॅडम?" तो विचारत राहिला. मी त्याला शक्य तेवढ्या शांतपणे सगळं सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्याने केसांसकट, रक्तासकट कान आणून दिले, आणि मी श्रावणात ते हातात घेऊन बसले.

निळा रंग वर राहिला. अर्कही वरच राहिला. खालचं पाणी स्वच्छ.

तेव्हा पोळा अगदी तोंडावर आला होता. श्रावणात आमच्याकडे पाऊस उघडला की असं कडक ऊन पडतं की मे बरा वाटावा. मी वैशालीताईंना फोन लावला. मी बोलायच्या आधीच त्या बोलायला लागल्या. "मॅडम, तुम्हाला काय सांगू! पोरगी बिनास्कार्फची शाळेत जाऊन राहिली. रोज सकाळी सीरम लावून देते. आणि खरं सांगते, रंग चढून राहिला तिले! गाल गुलाबी झाले. शेजारच्या बायाही म्हणतात. परवा तान्ह्या पोळ्यात नंदी घेऊन निघणार आहे, या ना तुम्ही."

गुलाबी.

"ताई, तिला आत्ताच्या आत्ता झाकून ठेवा. उन्हात अजिबात सोडू नका. मी उद्या येते."

"काहून मॅडम?"

"येते, मग सांगते. पण आधी झाका."

साहेब म्हणाले, इतकं जायचं काय, मेलवर अहवाल पाठवा. मी म्हटलं, फोन तुम्ही केला होता, बस मी पकडते. नोकरीत मी साहेबांशी इतक्या उद्धटपणे एकदाच बोलले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

काटोलच्या त्यांच्या घरात पोळ्याची गडबड होती. पुरणाचा वास होता, अंगणात बैलांच्या झुली वाळत होत्या. ओसरीवर ईश्वरी त्या सागवानी नंदीला झेंडूची माळ बांधत बसली होती. आईने माझं ऐकून तिला सकाळपासून बाहेर जाऊ दिलं नव्हतं, पण मनातून ते पटलेलं नव्हतं. मला पाहून पोर हसली. गाल लाल होते, नाकाचं टोक सोलपटलेलं. वैशालीताईंनी मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या.

मी सगळं सांगितलं. श्रावण, हिरालाल, गरम पाणी, निळा रंग. लपवाछपवी केली नाही आणि गोडही केलं नाही. त्या शिकलेल्या होत्या, त्यांना प्रत्येक शब्द कळत होता, आणि तेच बघवत नव्हतं.

"पण साहेब तर म्हणाले, जाते."

"ती कातडी उकडलेली होती, ताई. तिच्यातून काहीही गेलं असतं."

"म्हणजे काहीच नाही जात?"

"थोडं वरच्या पापुद्र्यात बसतं. तोंड धुतलं की बरंचसं निघून जातं."

"अन् ऊन?" त्यांनी विचारलं.

"ऊन जातं," मी म्हटलं. "तो गुलाबी रंग उन्हाचा आहे. भाजल्याचा."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी रोज पाहून राहिली होती," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी हातानं लावून देत होती मी. वाटलं, रंग येऊन राहिला पोरीले."

आयुष्यभर मी लोकांना हे जातं, ते जात नाही असं सांगत आले होते, आणि एखाद्या उत्तराची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. चूक कोणाची, हे शोधायलाही मन होईना. साहेबांनी आनंद वाटला होता, हिरालालने माझं पुण्य जपलं होतं, ह्या बाईने आपल्या लेकीला उजेडात पाठवलं होतं.

दारात हालचाल झाली. ईश्वरी उभी होती, हातात झेंडूची अर्धी माळ. किती वेळापासून, कोणास ठाऊक.

"आई, तू रडू नको वं," ती म्हणाली. "मले माहीत होतं."

मग ती वळली आणि तिने मानेवरचे मोकळे केस बाजूला केले. मानेमागे, फ्रॉकच्या गळ्यापर्यंत, कातडी लालभडक होती. बारीक फोड आलेले, काही फुटून सुकलेले. आई जागेवरून उठली, पण जवळ जाऊन तिचा हात हवेतच थांबला. कुठे हात लावावा ते तिला कळेना.

"हे कधीपासून आहे? मले काहून नाही सांगितलं तू?"

"पहिल्याच दिवशी झालं," ईश्वरी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "शाळेतून आली तर तू गेटवर उभी होती. मले बिनास्कार्फची येताना पाहून तू हसून राहिली होती. तू तशी कधी नाही हसत. म्हणून मी वेणी सोडली अन् केस मोकळे ठेवले."

बाहेर कोणीतरी बैलांच्या नावाने ओरडत होतं. मी पर्समधून रुमाल काढला, तो भिजवून आणावा म्हणून उठले आणि तशीच थांबले, कारण वैशालीताई लेकीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"लय आग होते का वं?"

पोरीने आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आईकडे.

"आता सांगू?" तिने विचारलं.

आईने मान डोलावली, आणि मग ती पोर रडायला लागली.